मावशी विचारतेय, हे इंजेक्शन मांसाहारी आहे का?

सुरसागरकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न विचित्र वाटेल, पण मी खरंच अडकलोय.

आम्ही वडोदऱ्याचे. पणजोबा गायकवाडी नोकरीत आले आणि दांडिया बाजारात रुजले, ते आजतागायत. मावशी (आईची थोरली बहीण, वय ७१) दोन गल्ल्या सोडून राहते. कट्टर शाकाहारी. आमच्या घरात अंडं शिरलं त्या वर्षापासून ती आमच्याकडे चहा स्वतःच्या पेल्यात घेते, आणि पेला पिशवीतून सोबत आणते. अतिशयोक्ती करत नाहीये.

गेल्या वर्षी तिच्या पोटातून गाठ काढली. रिपोर्ट आला लायोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंचा एक कॅन्सर. लाल रंगाची केमो (डॉक्सोरुबिसिन) झाली, काही महिने बरे गेले, आणि आता फुफ्फुसात बारीक गाठी दिसल्यात. डॉक्टरांनी ट्राबेक्टेडिन लिहून दिलंय. दर तीन आठवड्यांनी, चोवीस तास पंपातून.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग भाच्याने मोबाइलवर नाव टाकलं आणि मोठ्याने वाचलं, "समुद्रातल्या एका प्राण्यापासून मिळवलेलं औषध." मावशी आत शेंगा सोलत होती. उठून आली.

"कसला प्राणी?"

"सी स्क्विर्ट म्हणून असतो, आजी."

"म्हणजे मासाच ना?" मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे, "चातुर्मासात नको रे. कार्तिकी होऊ दे, मग बघू."

कार्तिकीला अजून तीन महिने आहेत. डॉक्टर म्हणतात तीन आठवडेही थांबू नका. बायको म्हणते, "बॅक्टेरियापासून करतात म्हणून ठोकून दे, तिला काय कळतंय!" पण जिने मला लहानाचं मोठं केलं तिला असं फसवून औषध द्यायचं जिवावर येतं. खोक्यावर फरसाणाच्या पाकिटावर असतो तसा हिरवा ठिपका शोधला, नाही. दुकानदाराला विचारलं तर तो हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला गोळ्या कापून देऊ लागला.

तर खरं काय ते कुणी सांगेल का?

---

पोहे_वर_शेव

मावशींना लवकर आराम पडो. आपद्धर्म नावाची गोष्ट शास्त्रातच आहे की. त्यांच्या ओळखीच्या एखाद्या गुरुजींकडून वदवून घ्या, काम फत्ते.

---

हर्डमानिया_७८

पंचेचाळीस वर्षांनी कुणीतरी माझ्या लाडक्या प्राण्याची चौकशी करतंय! तेव्हा हा प्रतिसाद लांबणार, आधीच माफी मागते.

मी १९७८ साली इथल्याच सयाजीराव विद्यापीठातून प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले, पुढे जन्मभर तोच विषय शिकवला. आपल्याकडे प्राणिशास्त्र घेतलेल्या माणसाला "हर्डमानिया" म्हणा, तो लगेच प्रॅक्टिकलच्या आठवणींत शिरेल. एस. एम. दास यांनी १९३६ मध्ये त्याच्यावर एक ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून तो आपल्या अभ्यासक्रमात ठाण मांडून बसलाय. त्याच्या अंगातले चुन्याचे काटे स्लाइडवर दाखवा, पाच मार्क.

हा त्याच सी स्क्विर्टांच्या कुळातला. शास्त्रीय नाव ॲसिडियन. हर्डमानिया दिसायला बटाट्याएवढी गुलाबीसर पिशवी, वर दोन तोंडं. एकातून पाणी आत घेतो, त्यातलं खाद्य गाळतो, दुसऱ्यातून सोडतो. हातात धरून दाबला की पिचकारी उडते, म्हणून हे इंग्रजी नाव. मासा नाही आणि शिंपलाही नाही.

पण भानगड अशी की शिंपल्यापेक्षा तो आपल्याला जास्त जवळचा. अंड्यातून निघतो तेव्हा बेडकाच्या पिल्लासारखा असतो, शेपटीत पाठीच्या कण्याचा पूर्वज म्हणावा असा दांडा असतो. कोव्हालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये हे दाखवलं आणि जो प्राणी तोवर गोगलगाईंच्या पंगतीत बसत होता तो आपल्या पंगतीत आला. हे पिल्लू थोडा काळ पोहतं, खडक शोधतं, डोक्याच्या बाजूने त्याला चिकटतं, शेपूट आणि दांडा स्वतःच जिरवून टाकतं आणि उरलेला जन्म तिथेच काढतं.

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक, याचं हृदय काही वेळ एका दिशेने रक्त ढकलतं, मग थांबतं आणि उलट्या दिशेने ढकलायला लागतं. दुसरी, याचा अंगरखा बऱ्याच अंशी सेल्युलोजसारख्या पदार्थाचा असतो. कापसात असतं ते सेल्युलोज! प्राण्यांमध्ये स्वतः सेल्युलोज बनवणारा हाच एक गट. मावशींना सांगा, प्राणी आहे खरा, पण कपडे शाकाहारी घालतो.

तुमच्या औषधाचा प्राणी मात्र वेगळा, एक्टिनॅसिडिया टर्बिनाटा. कॅरिबियन समुद्रात खारफुटीच्या बुडालेल्या मुळांवर नारिंगी द्राक्षांच्या घोसासारखा वाढतो. अंग मऊ, पळता येत नाही, मग माशांनी खाऊन टाकू नये म्हणून जवळ विष बाळगायचं. त्या विषातूनच तुमचं औषध निघालं.

पण ते आजही प्राण्यापासूनच काढतात का, हे रसायनवाल्यांनी सांगावं. रसायनी, आहात का?

---

निसर्गोपचार_केंद्र

समुद्री अर्काच्या शुद्ध कॅप्सूल आमच्याकडे मिळतील. केमोची गरज नाही, साइड इफेक्ट शून्य. संपर्क

*[संपादक: जाहिरात असल्याने पुढचा भाग काढला आहे. खातं गोठवलं आहे.]*

---

रसायनी

आहे आहे. आत्ताच धागा दिसला.

सुरसागरकाठचा, वहिनींनी ठोकून द्यायला सांगितलेली थाप नेमकी खरी आहे. गंमत बघा.

या प्राण्याच्या अर्कात कॅन्सरविरोधी गुण आहे हे १९६९ च्या सुमाराला लक्षात आलं. पण त्यातला नेमका रेणू कसा दिसतो हे छापून यायला १९९० उजाडलं. इलिनॉय विद्यापीठातला राइनहार्ट यांचा गट आणि फ्लोरिडातल्या हार्बर ब्रँच संस्थेतला राइट यांचा गट, दोघांनी वेगवेगळं शोधलं. वीस वर्षं का लागली? माल हाती लागेना म्हणून. एक ग्रॅम शुद्ध औषधाला साधारण एक टन प्राणी लागायचे.

स्पेनच्या फार्मामार कंपनीने हे काम हाती घेतलं. प्राणी गोळा केले, त्यांची समुद्रात शेती करून पाहिली. एवढ्यावर बाजार भागत नाही. १९९६ मध्ये हार्वर्डच्या कोरी यांनी (नोबेलवाले) प्रयोगशाळेत शून्यापासून रेणू बांधून दाखवला. ते काम बघून आम्ही लोक टोपी काढतो, पण कारखान्यात तेवढ्या पायऱ्या परवडत नाहीत. प्रत्येक पायरीला थोडा माल वाया जातो, शेवटी हातात चिमूटभर उरतो.

तोडगा निघाला तो मातीपाण्यात आढळणाऱ्या एका जिवाणूत. स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स नावाचा जिवाणू सॅफ्रासिन बी नावाचं प्रतिजैविक बनवतो, आणि त्याचा सांगाडा आपल्या रेणूशी बराच जुळतो. म्हणजे अर्ध घर बांधून तयार. टाकीत जिवाणू वाढवायचे, सॅफ्रासिन काढायचं आणि पुढचं काम रसायनशास्त्राने करायचं. ही पद्धत २००० मध्ये प्रसिद्ध झाली आणि औषध बाजारात येऊ शकलं ते तिच्यामुळे. मावशींच्या बाटलीतल्या औषधासाठी समुद्रातला एकही प्राणी मारलेला नाही.

वडोदऱ्याच्या माणसाला फर्मेंटर म्हणजे काय हे मी सांगायला नको. १९०७ पासून अलेंबिक ही औषध कंपनी इथे आहे, घरटी एक जण या धंद्यात. मावशींना सांगताना ढोकळ्याचं पीठ आंबतं तसं म्हणा.

आता खरा मसाला. प्राण्यातसुद्धा हे विष बहुधा प्राणी स्वतः बनवतच नाही! त्याच्या शरीरात राहणारा एक जिवाणू बनवतो. २०११ मध्ये त्या जिवाणूची जनुकं तपासून हे दाखवलं गेलं. नाव प्राण्याचं झालं, कष्ट भाडेकरूचे.

---

नर्मदेचा_गोटा

रसायनी, __/\__. वाखूसा (वाचनखूण साठवली).

खोडी काढतो, हलके घ्या. मावशी इतकी वर्षं ज्या कॅप्सूल घेत असतील त्यांची टोपणं जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याची. ते कुणी सांगितलंय का त्यांना?

---

पोहे_वर_शेव

गोटा, तू हे त्यांच्या कानावर घातलंस तर तुझा पेला पण वेगळा होईल.

---

सुरसागरकाठचा

गोटा, देव तुझं भलं करो, पण हे या धाग्याबाहेर जाता कामा नये.

रसायनी, हर्डमानियाताई, काय बोलू! रात्री बसून हिशोब केला. डोस शरीराच्या दर चौरस मीटरला दीड मिलिग्रॅम. मावशी ठेंगणी, तिचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरलं, म्हणजे सव्वादोन मिलिग्रॅम. टनाला ग्रॅम या दराने एका डोसला सव्वादोन किलो प्राणी. खंडेराव मार्केटातून आणतो त्या भाजीच्या पिशवीएवढे, दर तीन आठवड्यांनी! ते वाचले हे तिला नक्की आवडेल.

एक शंका. हे नेमकं करतं काय? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं होतं, पण मी बिलाकडेच बघत होतो.

---

रसायनी

डीएनएच्या पिळाला दोन खाचा असतात, एक रुंद, एक अरुंद. हे औषध अरुंद खाचेत शिरून ग्वानिनला (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) घट्ट चिकटतं आणि पीळ वाकवतं. बिघाड दिसला म्हणून पेशीची दुरुस्ती करणारी प्रथिनं धावत येतात आणि तिथेच अडकून बसतात. त्या झटापटीत डीएनए तुटतो. नवल असं की सिस्प्लॅटिन ही दुसरी केमो दिली तर दुरुस्ती चांगली असलेली पेशी वाचते. इथे उलटं, जिची ही दुरुस्ती धड चालते तीच जास्त मरते.

---

कॉलेजकुमार_फतेगंज

असं एकच औषध आहे का? असायनमेंटसाठी विचारतोय.

---

रसायनी

असायनमेंट स्वतः लिही. धागा पकडून देतो.

पहिला डिडेम्निन बी, ट्रायडिडेम्नम या कॅरिबियन ॲसिडियनमधला, १९८१ चा, पुन्हा राइनहार्टच. समुद्रातून निघून जसाच्या तसा माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेला तो पहिला मानला जातो. फार विषारी निघाला, सोडून द्यावा लागला. त्याचा धाकटा भाऊ प्लिटिडेप्सिन भूमध्य समुद्रातल्या ॲप्लिडियमचा. मायलोमासाठी (रक्ताचा एक कॅन्सर) त्याला युरोपने नकार दिला आणि ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये होकार. एकच कागदपत्रं, दोन निकाल, असं होतं. तिसरं लुर्बिनेक्टेडिन, ट्राबेक्टेडिनच्याच सांगाड्यावर बेतलेलं, २०२० पासून अमेरिकेत फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरला वापरतात.

आणि समुद्र म्हणजे फक्त पिचकारीवाले नव्हेत. रक्ताच्या कॅन्सरला १९६९ पासून वापरात असलेलं सायटाराबिन कॅरिबियन स्पंजातल्या रेणूंवरून सुचलेलं आहे.

---

ओपीडीतून

धागा छान चाललाय, पण थोडा विरजणाचा भाग माझ्याकडून. मी हेच काम करतो (वडोदऱ्यात नाही). तुमच्या पेशंटबद्दल त्यांचे डॉक्टर सांगतील ते प्रमाण, मी सर्वसाधारण बोलतो.

युरोपात हे औषध सॉफ्ट टिश्यू सार्कोमासाठी (स्नायू, चरबी अशा मऊ भागांचे कॅन्सर) २००७ पासून आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये लायपो (चरबीचा) आणि लायोमायोसार्कोमासाठी मंजूर केलं, ५१८ रुग्णांच्या चाचणीवरून. त्यात जुन्या डाकार्बाझिनवर रोग मधल्या हिशोबाने दीड महिना थोपला, यावर ४.२ महिने. एकूण आयुष्यात मात्र दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. काहींना वर्षभर आणि जास्तही चालतं, काहींना दुसऱ्याच स्कॅनला बंद करावं लागतं. आवरून धरणारं औषध आहे हे.

काळजी घ्यायची ती पांढऱ्या पेशींची आणि लिव्हरची. प्रत्येक डोसआधी रक्त तपासतात, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते) पण. ताप आला तर सकाळची वाट बघू नका. स्नायू खूप दुखले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी कळवा. आधी डेक्सामेथासोन देतात, ते उलटीसाठी आहे आणि लिव्हर सांभाळण्यासाठीही; मधुमेह असेल तर साखर चढेल. आणि वर ज्यांनी कॅप्सूल विकायला आणल्या होत्या त्यांच्यासाठी: या औषधावर असताना अज्ञात अर्क, काढा, भुकटी काहीही घेतलं आणि लिव्हर बिघडलं तर केमो थांबते.

एक विचारू? राग मानू नका. औषध प्राण्याचं की जिवाणूचं याबद्दल मावशींशी खोटं बोलायचं नाही असं तुम्ही लिहिलंत, ते फार आवडलं. फुफ्फुसातल्या गाठींबद्दल त्यांना सांगितलंय का?

---

सुरसागरकाठचा

नाही.

"छोटा डाग आहे, खबरदारी म्हणून इंजेक्शन" असं सांगितलंय. मीच सांगितलं.

---

हर्डमानिया_७८

बाळा, आमच्या ह्यांच्या वेळी आम्हीही डागच म्हटलं होतं. ह्यांनी शेवटपर्यंत आमची समजूत मोडली नाही. मला ते आजही टोचतं. तुझं तू ठरव.

---

पंपवाला_नवरा

इतके दिवस वाचनमात्र होतो. माझ्या पत्नीला याच औषधाचे अकरा डोस झाले, म्हणून कामाचं तेवढं लिहितो.

पोर्ट (त्वचेखाली बसवतात ती, मोठ्या शिरेला जोडलेली छोटी डबी) बसवून घ्या. हाताच्या शिरेतून हे देत नाहीत, बाहेर गळलं तर मांस खराब होतं. पंप म्हणजे एक कडक बाटली, आत फुगा. फुगा आवळत जातो तसं औषध चोवीस तासांत उतरतं. ना वीज, ना आवाज. आमच्याकडे पंप लावून घरी सोडायचे, दुसऱ्या दिवशी काढायला जायचं. कमरेच्या पिशवीत ठेवून ती भाजी निवडायची, झोपताना उशीशेजारी. पहिल्यांदा मी रात्रभर उठून फुगा केवढा झाला ते बघत होतो. चौथ्या दिवशी गळून जायची, अन्नावरची वासना उडायची. आठव्या-नवव्या दिवसापासून माणसात. तो आठवडा मोकळा ठेवा.

पैशांचं इथे लिहीत नाही, पण ब्रँडप्रमाणे फार फरक पडतो. दोनचार ठिकाणी विचारा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की विचारताय.

---

सुरसागरकाठचा

अपडेट.

काल संध्याकाळी गेलो. ती देवघरात भांडी उजळत होती. आधी सोपं तेवढं सांगितलं. ढोकळ्याचं पीठ, टाकी, जिवाणू, सव्वादोन किलोचा हिशोब. तिने नीट ऐकलं. म्हणाली, "पण पहिल्यांदा तर प्राण्यातूनच काढलं ना? त्याचं पाप कुणाला?" म्हटलं, स्पेनच्या कंपनीला. हसली.

मग स्कॅनचं सांगितलं. किती गाठी, कुठे, आणि औषध आवरून धरणारं आहे, घालवणारं असेलच असं नाही. ती शंख पुसत होती, ती पुसतच राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पहिला डोस गौरी जेवल्यावर घ्यायचा. घास घशाखाली उतरणार नाही तर पुरणपोळी करायची कशाला?" डॉक्टरांना फोन केला. आठ दिवसांचा फरक पडतोय, तेवढा चालेल म्हणाले.

निघताना विचारलं, "ती पंपाची पिशवी सोवळ्यात चालते का? चोवीस तास म्हणजे सकाळची पूजा मध्ये येणार." याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

---

पंपवाला_नवरा

आमची ही धुतलेल्या सुती कापडाची पिशवी शिवून घ्यायची. दोन शिवा, एक वाळत. पट्टा लांब ठेवा म्हणजे वाकताना नळी ओढली जात नाही. आंघोळीच्या वेळी पोर्टची जागा आणि पंप दोन्ही कोरडं राहिलं पाहिजे, त्या दिवशी अंग पुसूनच घ्यावं लागेल. ते सोवळ्यात बसतं का ते मावशींनीच ठरवावं.

---

हर्डमानिया_७८

तो शंख! अरे, आपल्या समुद्रातला हर्डमानिया बरेचदा जिवंत शंखाच्या पाठीवरच चिकटलेला सापडतो. पूजेचा शंख असतो ना, टर्बिनेला, त्याच्यावर. तो शंखही एका गोगलगाईचं घरच की. मावशींना सांग, हा प्राणी कितीतरी पिढ्या देवघराच्या दारापर्यंत येऊन बसलेला आहे.

---

सुरसागरकाठचा

ताई, सांगितलं. आत्ता फोनवर. म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं गोगलगाय पुसतेय? बरं झालं आधी नाही सांगितलंस." आणि उद्या मांडवीतून दोन मीटर मांजरपाट आणायला सांगितलंय, पिशव्यांसाठी.